सासूबाई पाठुंगळी

मुलिंगेने आपल्या सासूबाईंना भर दिवसा, परीक्षकाच्या देखत, पाठुंगळी घेतलं आणि वाळूतून धावत गाडीपर्यंत आणून सोडलं.

असं काही घडलेलं नाही. मुलिंगेला विचारा, तो नाही म्हणेल. सासूबाईंना विचारण्यात अर्थ नाही, कारण असले प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे त्या बघतसुद्धा नाहीत. परीक्षक त्या वेळी पक्षी बघत होते. तेव्हा वरचं वाक्य आपण कुणी वाचलंच नाही असं समजून पुढे जाऊ.

मुलिंगे त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बाओबाब हिल लॉजवर गाइड होता. पाहुण्यांना उघड्या गाडीतून हत्ती, सिंह, झेब्रे दाखवून आणायचे आणि पाहुणे जेवढे गेले तेवढे परत आणायचे, हे त्याचं काम. ते तो चांगलं करायचा. त्याचं दुःख वेगळं होतं. त्याची बायको कविन्या आणि छोटी मुमो किटुईला कविन्याच्या माहेरी होत्या, आणि तो लॉजमागच्या पत्र्याच्या खोलीत सैतोती नावाच्या मासाई सहकाऱ्याबरोबर राहत होता. सैतोती झोपेत गाई हाकायचा. मुलिंगेने कूस बदलली तर त्याला शीळ घालून परत कळपात घ्यायचा.

कुटुंब आणायचं तर घर हवं. घर मुख्य गाइडलाच मिळे, आणि मुख्य गाइड व्हायला गाइड संघटनेचा चंदेरी बिल्ला लागे. घर रिकामंच होतं. दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड. मुलिंगे रोज संध्याकाळी त्या झाडाला पाणी घालून यायचा. म्हणजे त्याचा त्या घरावर तेवढाच हक्क होता.

पण बिल्ला मिळून भागणार नव्हतं. सासूबाईंचाही होकार हवा होता, आणि सासूबाईंचं या नोकरीबद्दल काही बरं मत नव्हतं. "जनावरांच्या मागे फिरणं हे काम असेल," त्या कविन्याला म्हणायच्या, "तर आपला बैलही कामावरच असतो. बैल निदान रात्री घरी येतो."

हे मुलिंगेला कविन्याकडून फोनवर कळायचं. सासूबाई त्याच्याशी थेट कधीच बोललेल्या नव्हत्या. तो कांबा जमातीचा, त्याही कांबा. कांबा जावई सासूच्या डोळ्यांत बघत नाही, तिचं नाव घेत नाही, तिच्यादेखत घास तोंडात घालत नाही. पायवाटेवर ती समोरून आली तर वाट सोडून झुडपात शिरतो. सासूही त्याला बघून डोक्यावरून लेसो ओढून घेते; ते छापील कापड त्यासाठी खांद्यावर तयारच असतं. यात भांडण नसतं, मान असतो. मान जितका जास्त, तितकं झुडूप दाट. शहरातली मंडळी आता हे पाळत नाहीत. सासूबाई शहरात राहत नव्हत्या.

आणि एके दिवशी लॉजच्या मॅनेजर न्योकाबी मॅडमनी मुलिंगेला ऑफिसात बोलावून आनंदाची बातमी दिली.

"तुझ्या परीक्षेची तारीख आली. परवा सकाळी. परीक्षक किप्रुतो साहेब गाडीत बसून बघणार. आणि त्यांना खरी पाहुणी लागते, तर तीही मिळाली. लॉजला टोपल्या विणून देतो तो किटुईचा महिला गट आहे ना, त्यांच्या अध्यक्षबाईंना मी दोन दिवस पाहुण्या म्हणून बोलावलंय."

मुलिंगे दारापर्यंत मागे सरकला. "मॅडम, त्या माझ्या सासूबाई आहेत."

"म्हणूनच तर. सासू आणि जावई एका गाडीत, मागे हत्ती. किती गोड फोटो येईल."

"मॅडम, त्यांना दुसरा गाइड द्या."

"का? भांडण आहे?"

"नाही, मान आहे."

"मग अडचण काय?"

"मान आहे हीच अडचण आहे."

न्योकाबी मॅडम नैरोबीत फ्लॅटमध्ये वाढल्या होत्या. "हे बघ मुलिंगे, माझी सासू माझ्याच घरात राहते, माझ्याच कपातून चहा पिते आणि चहा पातळ झाला म्हणून मलाच सांगते. मी काय झुडपात शिरते?"

"तुम्ही सून आहात, मॅडम. सुनेला झुडपाची सवलत नाही."

"परवा लॉजमध्ये दुसरा पाहुणाच नाही. परीक्षा पुढे ढकलली तर पुढल्या वर्षी. बोल."

मुलिंगेला लिंबाचं झाड दिसलं. "गाडी धुऊन ठेवतो," तो म्हणाला.

सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. पाहुण्याला गाडीतून उतरताच ओला सुगंधी रुमाल द्यायचा, नावाने हाक मारायची आणि डोळ्यांत बघून हसायचं, असा लॉजचा नियम होता. मुलिंगे त्या वेळी पाण्याच्या टाकीमागे उभा राहून नियमाचा मान राखत होता. रुमाल सैतोतीने दिला. तासाभराने तो टाकीमागे आला.

"जावईबुवा, सासूबाई खोलीत पोचल्या."

"खूश आहेत?"

"पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता. त्यांनी आधी तो उलगडून घडी घातली. म्हणाल्या, कुणीतरी धुतलेलं कापड चुरगळून ठेवलंय."

"आणि?"

"त्यांची टोपली सापडली. कोपऱ्यात. आपण त्यात कचरा टाकतो ना."

मुलिंगेने डोळे मिटले.

"त्यांनी कचरा बाहेर ओतला, टोपली पुसली आणि पलंगावर उशीला टेकून ठेवली. स्वतः खुर्चीवर बसल्यात. म्हणाल्या, हिला विणायला महिना लागलाय, आज झोपू दे तिला."

सकाळी उजाडता उजाडता परीक्षा सुरू झाली. किप्रुतो साहेब ठेंगणे, मोठ्या टोपीचे, गळ्यात दुर्बीण. पक्ष्यांच्या बाबतीत देशात त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. त्यांनी गाडीत पुढच्या बाकावर बसून सांगितलं, "मी इथे नाही असं समजा. नेहमी करता तसंच करा."

नेहमी करायचं ते म्हणजे पाहुणीला हात देऊन गाडीत चढवायचं. मुलिंगेने लाकडी स्टूल आणून मागच्या दाराशी ठेवलं आणि गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन उभा राहिला. सासूबाई लेसो कपाळापर्यंत ओढून स्टुलावरून चढल्या. मग मुलिंगे ड्रायव्हरच्या जागी बसला आणि त्याने स्टिअरिंगला उद्देशून स्वागताचं भाषण केलं. आपलं नाव सांगितलं. पाहुणीचं नाव जिथे घ्यायचं तिथे तो खोकला.

"घसा खराब आहे का?" नसलेल्या किप्रुतो साहेबांनी विचारलं.

"तेवढ्यापुरता, साहेब."

गाडी निघायच्या आधी त्याला आरसा दिसला. मधल्या आरशात सासूबाई होत्या, पूर्ण चेहऱ्यानिशी. आरशात बघणं हे बघण्यात मोडतं का, यावर गावात कुणी कधी निर्णय दिलेला नव्हता. मुलिंगेने आरसा उचलून आकाशाकडे केला. मग बाजूचेही दोन्ही केले.

"हे काय?" किप्रुतो साहेब म्हणाले.

"गिधाडं, साहेब. वर गिधाडं घिरट्या घालताना दिसली की शिकार कुठे झालीय ते कळतं."

साहेबांनी भुवया उंचावल्या आणि कौतुकाने काहीतरी टिपून घेतलं.

पहिला तास अगदी सुरळीत गेला. सैतोती मधल्या बाकावर बसला होता. त्याचं काम जनावरं हुडकून द्यायचं, पण त्या दिवशी त्याला निरोप पोचवायचं काम जास्त पडलं.

"सैतोती," सासूबाई लेसोच्या आतून म्हणाल्या, "चालवणाऱ्याला विचार, एवढ्या थंडीत उठून यायची काय गरज होती. ही जनावरं दुपारी कुठे गावाला जाणार आहेत का?"

"जावईबुवा, विचारतायत..."

"ऐकलं. सैतोती, पाहुण्यांना सांग, ऊन चढलं की जनावरं सावलीला जातात."

"म्हणजे त्यांना अक्कल आहे," सासूबाई सैतोतीला म्हणाल्या.

एक लांब मानेचं हरीण मागच्या पायांवर उभं राहून झाडाचा शेंडा खात होतं. मुलिंगेने गाडी थांबवून त्याची माहिती सांगितली. सगळी माहिती समोरच्या काचेला सांगितली. सासूबाईंनी लेसोची कड बोटभर वर करून पाहिलं.

"सैतोती, याच्या आईने याला बसून खायला शिकवलं नाही."

मग हत्ती आले. त्सावोच्या तांबड्या मातीत लोळून विटेच्या रंगाचे झालेले, बछड्यांसकट रस्त्यावर येऊन उभे. असं दृश्य बघायला लोक समुद्र ओलांडून येतात. किप्रुतो साहेबसुद्धा इथे नसल्याचं क्षणभर विसरले.

"सैतोती," सासूबाई म्हणाल्या, "हे माझ्या मक्यात शिरतात तेव्हा मी पत्र्याचा डबा बडवते. डबा कुणाजवळ आहे?"

"डबा नाही, आजी. इथे आपण त्यांना बघायला आलोय."

"बघून झालं. आता कोण बडवणार?"

हत्तिणीने कान फडकवले आणि ती एक पाऊल पुढे आली. गाडी मागे घ्यायला हवी होती. मागे घ्यायची तर मागे बघायला हवं, आणि मागे सासूबाई होत्या. आरसे आकाशात होते. तिथे एकही गिधाड नव्हतं.

"सैतोती, तू मागे बघून सांग," मुलिंगे समोर बघत म्हणाला आणि त्याने गाडी मागे सोडली.

"ये. ये. ये अजून. डावीकडे घे. काय दूध असेल रे हिला."

"कुणाला?"

"हत्तिणीला," सैतोती म्हणाला. तो मासाई होता. थानांकडे त्याची नजर गेली की वळत नसे.

गाडी रस्ता सोडून उतारावरून कोरड्या नदीच्या वाळूत गेली. तिथे कुठल्यातरी खवल्या मांजराने मुंग्यांसाठी मोठं बीळ उकरून ठेवलं होतं, त्यात मागचं चाक धप्पकन बसलं. हत्ती आपले वर रस्त्यावरून शांतपणे निघून गेले. त्यांचा रस्ता मोकळा झाला होता.

वायरलेस नदीच्या खोलगटात लागेना. सैतोती तो घेऊन समोरच्या टेकाडावर चढला. मुलिंगे खाली उतरून चाकाखाली शिरला आणि वाळू उपसायला लागला. चाक नेमकं सासूबाईंच्या बाकाखाली होतं.

आता सासूबाईंच्या बाजूनेही विचार करायला हवा. जावई खाली आडवा पडलेला आणि आपण त्याच्या डोक्यावर बसलेल्या, हे कुठल्याही बाईला शोभणारं नव्हतं. त्यांनी काही न बोलता पलीकडचं दार उघडलं. गाडीखालून मुलिंगेला फक्त टायरच्या चपला दिसल्या. त्या वाळूत उतरल्या आणि लंगडत लंगडत दूरच्या एका गोरखचिंचेकडे चालू लागल्या. सासूबाई झाडाखाली गाडीकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी लेसो पुरता डोक्यावरून घेतला.

पाहुण्याने जंगलात गाडीबाहेर पाय ठेवायचा नाही, हा परीक्षेतला पहिला नियम होता. बाकी कशातही सूट होती. मुलिंगे वाळू झटकत वर आला.

"साहेब, पाहुण्यांना गाडीत बसायला सांगाल का?"

"मी इथे नाही."

"ठाऊक आहे, साहेब. पण तरी."

"नसलेला माणूस कसा बोलेल? पाहुणी तुमची. हाक मारा."

मुलिंगे साहेबांच्या कानाशी वाकला. "साहेब, त्या माझ्या सासूबाई आहेत."

किप्रुतो साहेबांचं पेन थांबलं. "गेल्या वर्षी," ते हळू आवाजात म्हणाले, "मी एल्डोरेटला जाणाऱ्या मटाटू व्हॅनमधून मध्येच उतरलो. पुढच्या थांब्यावर सासूबाई चढल्या. मी खिडकीतून उतरलो. पाऊस होता. चालत गेलो."

"मग साहेब, तुम्हाला कळतंय."

"माणूस म्हणून कळतंय. परीक्षक म्हणून पाहुणी गाडीबाहेर आहे."

तेवढ्यात गोरखचिंचेमागून रानरेडा बाहेर आला. म्हातारा, एकटा, कळपाने टाकलेला. गाइड लोक सिंहाला भीत नाहीत इतके या म्हाताऱ्या रेड्यांना भितात, कारण सिंहाला पोट असतं आणि ते भरतं. या रेड्यांना नुसता राग असतो. चिखल अंगावर वाळलेला, शिंगांच्या मध्ये एक काटकी अडकलेली. तो नाक वर करून वारा हुंगत होता. सासूबाई लेसोत होत्या. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

मुलिंगे वाळूत चार पावलं पुढे गेला आणि त्याने त्याच्या दृष्टीने शक्य तेवढं स्पष्ट सांगितलं. "झाडा, तुझ्यामागे रेडा उभा आहे."

झाडाखालून आवाज आला, "झाडा, गाडी निघत नाही म्हणून लोकांनी रेड्याचं नाव पुढे करू नये."

"झाडा, खरंच रेडा आहे."

"झाडा, असाच पाच वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणाला होता, की सहा महिन्यांत घर मिळेल."

मुलिंगेला हे लागलं. पण रेड्याने पायाने माती उकरली, तेव्हा तो आणखी पुढे गेला. रेडा फुरफुरला. लेसोची कड वर झाली, सासूबाईंची मान वळली आणि सावकाश परत सरळ झाली.

"झाडा," त्या म्हणाल्या, "रेडा आहे."

"तेच झाडाला सांगत होतो."

"झाडा, माझा गुडघा पळणारा नाही. हे कुणालातरी कळवायला हवं."

मुलिंगेने त्या क्षणी काय विचार केला ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. त्याने सासूबाईंकडे पाठ केली. पाठ केली की बघणं होत नाही. मग तो कमरेत वाकून तसाच उलट्या पावलांनी झाडाकडे सरकत गेला, न बघता, अंदाजाने. गाडी मागे घेताना जे साधलं नव्हतं ते आता अचूक साधलं. थांबला तेव्हा त्याची पाठ सासूबाईंच्या हाताला लागली होती.

मग पाठीवर ओझं आलं. किटुईच्या मक्यावर आणि घवघवीत मानावर पोसलेलं ओझं. लेसो सुटून दोघांच्याही डोक्यावरून खाली आला आणि मुलिंगेला दिसायचं बंद झालं.

तो धावत सुटला.

"वाऱ्या," सासूबाई त्याच्या कानाजवळ म्हणाल्या, "समोर खड्डा आहे. उजवीकडे."

तो उजवीकडे वळला.

"अजून उजवीकडे, वाऱ्या. आता सरळ. काटेरी झुडूप आहे, त्यात शिरायची आज गरज नाही."

रेड्याने हे सगळं पाहिलं. त्याने आयुष्यात सिंह शिंगावर घेतले होते, दोनदा जीपही उलटवली होती असं म्हणतात. पण पिवळ्या-जांभळ्या फुलांचं, दोन पायांवर धावणारं, पाठीवर कुबड असलेलं आणि स्वतःशीच बोलणारं जनावर त्याने पाहिलं नव्हतं. तो मागच्या मागे सरकला, झाडाला घासला आणि झुडपात शिरला. झुडूप दाट होतं.

मुलिंगेने सासूबाईंना मागच्या बाकावर उतरवलं, तेही पाठमोरंच. झालं ते इतकं मोठं होतं, की त्यावर काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. हे किटुईत कळलं असतं तर सासूबाईंना महिला गटात तोंड दाखवायला जागा नव्हती आणि मुलिंगेला किटुईत.

किप्रुतो साहेब दुसऱ्या दिशेला तोंड करून दुर्बीण डोळ्यांना लावून बसले होते. दुर्बिणीच्या काचांवरची झाकणं तशीच होती.

"साहेब," मुलिंगे म्हणाला, "तुम्ही काही..."

"मी पक्षी बघतोय."

"बराच वेळ?"

"अगदी सुरुवातीपासून. फार दुर्मीळ पक्षी आहे. नजर हटवता आली नाही."

टेकाडावरून सैतोती आला. वरून नदीचं पात्र तळहातासारखं दिसतं. तो एकदा मुलिंगेकडे बघत होता, एकदा मागच्या बाकाकडे.

"तू काय पाहिलंस?" मुलिंगेने विचारलं.

सैतोतीने किप्रुतो साहेबांकडे बघितलं, मग आकाशाकडे. "पक्षी," तो म्हणाला. "मोठा होता, जावईबुवा. ओझं घेऊन उडत होता."

"ओझं नव्हतं," किप्रुतो साहेब म्हणाले.

"ओझं नव्हतं," सैतोतीने मान्य केलं.

"सैतोती," मागून सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांना सांग, मीही तोच पक्षी पाहिला."

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण पाहुणे परत आले की काय काय दिसलं ते जेवणघराबाहेरच्या फळ्यावर लिहायची लॉजवर पद्धत आहे, आणि ते न्योकाबी मॅडम स्वतः विचारून लिहितात. उशीर का झाला म्हणून त्यांनी चौकशी केली. चौघांनी पक्षी सांगितला. कसा दिसायचा, हे चौघांनी आपसांत ठरवलं नव्हतं.

किप्रुतो साहेबांनी चहा घेताना निळं डोकं सांगितलं. सैतोतीने गाडी धुताना लाल शेपूट सांगितली, आणि पक्षी शेळीएवढा होता म्हणाला. सासूबाईंनी खोलीत, टोपलीला पाठीशी घेऊन सांगितलं, की साधा तपकिरी होता, घरंदाज होता, नजर खाली होती. मुलिंगेने घाबरून चिमणीएवढा सांगितला.

न्योकाबी मॅडमनी सगळं फळ्यावर लिहिलं, खाली किप्रुतो साहेबांचं नाव घातलं आणि फोटो काढून लॉजच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. मागे हत्ती नव्हता, तरी चालेल म्हणाल्या.

त्या फोटोने काय केलं ते सांगण्याआधी एक चांगली गोष्ट सांगायला हवी. निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई व्हरांड्यात चहा घेत होत्या आणि मुलिंगे खांबाआड उभा होता. सासूबाई चहाच्या किटलीला म्हणाल्या, "घर झालं की कविन्या आणि मुमोला पाठवायला माझी हरकत नाही. माणूस ओझं टाकून पळणारा नाही, असं ऐकलंय."

किटली काही बोलली नाही. मुलिंगे त्या दिवशी लिंबाला सकाळीच पाणी घालून आला.

पंधरवड्यात बिल्ला आला. शेऱ्यात लिहिलं होतं, की आरशांचा असा उपयोग परीक्षकांनी प्रथमच पाहिला. न्योकाबी मॅडमनी त्याला मुख्य गाइड केलं आणि घराची किल्ली हातात दिली. मुलिंगेने भिंतींना चुना लावला, मुमोसाठी खाली बसका पलंग करून घेतला, कविन्याने बसची जागा धरली.

त्याच आठवड्यात पक्षीवाले आले.

आधी नैरोबीहून आले, मग परदेशातून. त्यांच्याकडे लांबलचक दुर्बिणी होत्या आणि फळ्याचा फोटो होता. त्यांनी चार वर्णनांवर अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला, की चौघे खरं बोलत होते. निळ्या डोक्याचा आणि लाल शेपटीचा तो नर. तपकिरी, नजर खाली असलेली ती मादी. चिमणीएवढं ते पिल्लू. म्हणजे हा पक्षी वाट चुकून आलेला नव्हता. तो त्सावोत बायकोमुलांसह स्थायिक झालेला होता.

या कुटुंबाचा अभ्यास करायला माणसं कायम राहणं भाग होतं, आणि त्यांना द्यायला लॉजकडे घर एकच होतं. न्योकाबी मॅडमनी मुलिंगेला बोलावलं आणि किल्ली परत मागितली.

"थोडे दिवस, मुलिंगे. अभ्यास संपला की घर तुझंच."

"अभ्यास कधी संपेल, मॅडम?"

"पक्षी सापडला की."

मुलिंगेने त्या दिवशी किप्रुतो साहेबांना फोन लावला. "साहेब, आता खरं सांगून टाकू या का?"

"काय खरं? पक्षी नव्हता, तर आपण चौघे काय बघत होतो?"

मुलिंगेने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शिवाय," साहेब जरा संकोचून म्हणाले, "त्याला माझं नाव द्यायचं चाललंय. आणि मुलिंगे, परवा मी तिकडून जात होतो ना, तेव्हा मला तो परत दिसला."

सैतोतीला तर तो वरचेवर दिसू लागला आहे; पाहुणे विचारतात त्या दिवशी हटकून. किटुईच्या महिला गटाने टोपल्यांवर तीन पक्ष्यांची नक्षी विणायला घेतली आहे, त्यातली मादी सासूबाई स्वतः विणतात. कविन्याने बसची जागा सोडून दिली.

"मुमोचे बाबा," ती फोनवर म्हणाली, "मला एकदा खरं सांगा. तिथे नक्की काय होतं?"

"पक्षी होता," मुलिंगे म्हणाला.

"आईपण तेच म्हणते. पण म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही."

मुलिंगे पुन्हा पत्र्याच्या खोलीत राहायला आला आहे. मुख्य गाइड म्हणून रोज सकाळी पक्षी शोधायला पाहुणे त्यालाच न्यावे लागतात. सगळ्या बाजूंनी विचार करून शेवटी त्याने उद्यानाच्या वॉर्डन साहेबांना अर्ज केला. अर्ज मिळाल्याची पोच आली. उत्तर यायचं आहे.

*विषय : पक्ष्याच्या बदलीबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते, की या उद्यानात अलीकडेच आढळून आलेला पक्षी, त्याची मादी व पिल्लू यांच्या वास्तव्यामुळे येथील कर्मचाऱ्यांच्या निवासाची गैरसोय होत आहे. तरी सदर पक्ष्याची कुटुंबासह अन्य कोणत्याही सोयीच्या उद्यानात तातडीने बदली करण्यात यावी. आणि प्रशासकीय कारणास्तव तसे करणे शक्य नसल्यास, निवासस्थान उपलब्ध होईपर्यंत, इतर कर्मचाऱ्यांप्रमाणेच सदर पक्ष्यानेही आपली मादी व पिल्लू सासुरवाडीस ठेवून सेवास्थळी एकट्याने राहावे, असे लेखी आदेश त्यास बजावण्यात यावेत, ही नम्र विनंती.*